उष्ट्या हळदीची गाडी

“हळद टेंपोतून न्यायची? मंग माझी गाडी काय दारात पूजा करायला घेतलीय?”

प्रवीणनं हे मुद्दाम मोठ्यानं विचारलं. अख्ख्या मांडवाला ऐकू गेलं याची खात्री झाल्यावरच तो गप्प बसला.

त्याच्या धाकट्या भावाची, रूपेशची हळद होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद कडावहून साजगावला पोचल्याशिवाय नवरीला, म्हणजे जागृतीला, हळद लागणार नव्हती. शेजारचा अबूबकरचाचा टेंपो घेऊन खोपोलीला निघालाच होता. त्याच्याकडं डबा द्यावा, असं प्रवीणच्या आईचं, येसूबाईंचं म्हणणं. पण प्रवीणनं नुकतीच चारचाकी घेतली होती. जुनी का असेना, तिला मिरवायला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार!

हिरूआत्या हळदीचा डबा मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. प्रवीणनं गॉगल चढवला आणि चावी फिरवली.

खर्र-खर्र-खर्र!

पुन्हा फिरवली. खर्र-खर्र-खर्र-खर्र! इंजिन नुसतं घसा खाकरत होतं, चालू काही होत नव्हतं.

झालं! मांडवातलं निम्मं वऱ्हाड गाडीभोवती जमलं, आणि त्यातला प्रत्येक जण मेकॅनिक निघाला.

“ब्याटरी बसली.”

“बसली असती तर खरखरली असती का?”

“उंदरानं वायरी खाल्ल्या असतील. बाजूलाच भाताची पोती हायेत.”

“मी सांगितलेलं,” प्रवीणची बायको हर्षला म्हणाली, “गाडीला लिंबू-मिरची बांदा. तर हे हसले!”

नवरदेव स्वतः धक्का मारायला धावला. नखशिखांत पिवळा! गाडी विहिरीपर्यंत ढकलली, परत आणली. चालू झाली नाहीच, पांढऱ्या डिकीवर पिवळे पंजे मात्र उमटले. तेवढ्यात साजगावहून फोन आला. जागृती केव्हाची पाटावर बसली होती आणि बायकांची गाणी संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. येसूबाईंनी फोन ठेवला आणि मुलाकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्याला गॉगल काढावाच लागला.

गजामामा तेवढा एका बाजूला खुर्ची टाकून शांतपणे पान चघळत होता. “नीट आठवून बग रं भाच्या,” एवढंच तो अधूनमधून म्हणे.

शेवटी अबूबकरचाचानं कान लावून ऐकलं. “सेल्फ मारतोय, म्हंजी ब्याटरी बरी हाय. पण चावी लावल्यावर पंपाची घूं ऐकू आली पायजे, ती येत नाय. पेट्रोल वर चडतच नाय. मागची सीट काडा, खाली पंप आसंल.”

पंप! प्रवीणला एकदम आठवलं.

त्याचं असं झालं होतं. चोरीच्या भीतीनं प्रवीणनं खोपोलीत गाडीला एक चोरबटण बसवून घेतलं होतं. स्टिअरिंगच्या खाली, अगदी आत. ते बंद केलं की पंप बंद. मग चावी कितीही फिरवा! आदल्या रात्री मांडव पाहुण्यांनी भरला, तेव्हा त्यानं ते पहिल्यांदाच बंद केलं, आणि लग्नाच्या गडबडीत साफ विसरला.

आता सांगून टाकायला काय हरकत होती? हरकत होती गजामामाची! ज्याच्या दारात जी गाडी दिसेल ती न विचारता न्यायची, ही मामाची जुनी सवय. बटण बंद केलं होतं ते त्याच्याच धास्तीनं. हे उघड झालं असतं तर मामा रुसणार. आणि नवरदेवाच्या पाठीशी मामाच उभा नसेल, तर उद्या लग्न लागायचं कसं?

इकडं रूपेश पाना घेऊन हजर. “आत्या, ऊठ!”

“नाय उठणार! हळद मांडीवर घेतली की नवरीकडंच उतरायची!”

“मंग तुज्यासकट काडतो सीट!”

“थांबा!” प्रवीण किंचाळला. “नजर लागलीय गाडीला! सगळ्यांनी डोळे मिटा आन् गावदेवीचं नाव घ्या!”

सगळ्यांनी डोळे मिटले. अबूबकरचाचानंही मिटून बिस्मिल्ला म्हटलं. प्रवीण वाकला, बटण दाबलं, चावी फिरवली. भुर्रर्र! एकच जल्लोष झाला. हर्षलानं नवऱ्याकडं न बघता आरशाला लिंबू बांधलं. मामा कुणाला न विचारता पुढच्या सीटवर येऊन बसला.

कर्जत मागं पडलं तसा मामा बोलू लागला. “त्ये बटण लईच खाली बसवलंस रं भाच्या. काल रातीला हुडकता हुडकता माजी कंबर धरली.”

“काल... तुमी?”

“चावी खुंटीलाच व्हती. नेरळला जाऊन आलो. पण बटण व्हतं तसं बंद करून ठेवलं हां! दुसऱ्याची वस्तू जशी घेतली तशी ठेवावी.”

“मंग मगाशी बोललात का नाय?”

“चार मानसांत? मामावर पाळत ठेवतोस म्हनून लोक तुला हसले आसते. मामा हाय मी तुजा!”

प्रवीणला खरोखरच लाज वाटली. असल्या देवमाणसावर आपण संशय घेतला! तो हात जोडणार, इतक्यात पळसदरीच्या पुढं गाडीनं दोन गचके दिले आणि ती थांबली. खर्र-खर्र-खर्र! त्यानं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

“बटनाला नको छळू,” मामा म्हणाला. “पेट्रोल तेवडं व्हतं तसं ठेवता आलं नाय.”

मागून हॉर्न वाजवत अबूबकरचाचाचा टेंपो आला. हिरूआत्या डब्यासकट पुढं बसली. प्रवीण आणि मामा मागं, दांडा धरून उभे राहिले.

साजगावात हळद उतरवून घेताना जागृतीच्या आईनं कौतुकानं विचारलं, “पाव्हणं, तुमी गाडी घेतलीत म्हनं? कुटं हाय?”

प्रवीणच्या आधी मामाच बोलला.

“ऱ्हायली रस्त्यात. पण चोराच्या बापालाबी न्हेता यायची नाय, बटन हाय तिला!” आणि हातानं माप दाखवत त्यानं सगळ्या मांडवाला समजावून सांगितलं, की ते बटण नेमकं कुठं आहे.