कडाडवीराची शेवटची आठ पानं

एकतीस वर्षं दर महिन्याला न चुकता जग वाचवणाऱ्या कडाडवीराला प्रकाशकांनी लेखी कळवलं की, खप घटल्यामुळे येत्या अंकानंतर जग वाचवण्याची आवश्यकता उरलेली नाही. प्रत माहितीसाठी : चित्रकार.

चित्रकारांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला आणि कामाला बसले. इतक्या वर्षांत त्यांनी कडाडवीराचा मुखवटा एकदाही उतरवला नव्हता. वाचक विचारून विचारून थकले आणि पुढे विचारेनासे झाले. आता शेवटच्या आठ पानांत तो उतरवायचा, असं त्यांनी ठरवलं. त्या आठ पानांना अडीच आठवडे लागले. चेहरा सतरा वेळा खोडला. अठराव्यांदा जमला, तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला. तिनं कागद उजेडाकडे धरला.

"दमलाय हो बिचारा," म्हणाली.

इकडे 'अखेरचा अंक' अशी जाहिरात झाली आणि लोकांच्या प्रेमाला पूर आला. चित्रकारांचा भाचा बँकेत मोठा अधिकारी. तो तर फोनवर रडलाच.

"मामा, आमचं बालपण बंद करताय तुम्ही!"

"याआधी अंक कधी विकत घेतला होतास रे?"

"दहावीत. पण तो मुद्दा नाहीये."

मागणी पाहून प्रकाशकांनी वीसपट प्रती छापायला टाकल्या. प्रत्येक अंक प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद. वर ठळक सूचना : 'संग्राह्य. उघडल्यास मोल राहणार नाही.' भाच्यानं पाच घेतले.

एवढ्या घाईत छापखान्यात व्हायचं तेच झालं. तिथे घरगुती पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिकाही छापली जात होती. आकार तोच, कागद तोच. बांधणी करताना पानांची अदलाबदल झाली. अंकात कडाडवीर गच्चीवर उभा राहतो, मुखवट्याला हात घालतो, आणि पान उलटलं की 'पंप सुरू करण्यापूर्वी घ्यावयाची काळजी'.

चित्रकारांना हे कळलं ते स्वतःच्या प्रतीची पिशवी फाडल्यावर. तसेच चपला सरकवून प्रकाशकांकडे गेले.

"सगळे अंक परत मागवा!"

प्रकाशकांनी कारकुनाकडे पाहिलं. "तक्रारी किती?"

"निरंक, साहेब. अभिनंदनाची पत्रं नऊशे. एका समीक्षकानं तर लिहिलंय, शेवटी डोळ्यांत पाणी आलं."

"पंप आहे म्हटल्यावर येणारच," चित्रकार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांनी परिपत्रक काढलं : 'सदर चूक कोणाच्याही निदर्शनास न आल्याने ती झालेली नाही, असे समजण्यात यावे.'

चित्रकार घरी बसले. ब्रश धुऊन ठेवले. महिन्याभरानं एक पोस्टकार्ड आलं, पंप बसवणाऱ्या एका मिस्त्रीचं.

'पुस्तिका गिऱ्हाईक वाचत नाही, आम्हीच वाचतो. पान नऊवर व्हॉल्व्ह हवा, तिथे एक माणूस मुखवटा काढतोय. खाली सही होती, तिच्यावरून पत्ता काढला. चेहरा ओळखीचा वाटला. जेवायची सुट्टी त्यातच गेली. हा माणूस आता पुढे काय करणार? कळवावे. व्हॉल्व्हचेही कळवावे.'

चित्रकारांनी कार्ड तीनदा वाचलं. मग ताठ बसून चार पानी उत्तर लिहिलं, सोबत आपल्या अंकातली व्हॉल्व्हची पानं कापून जोडली आणि स्वतः जाऊन टपालात टाकून आले. येताना शीळ घालत होते, असं बायको सांगते.

ही हकिकत ऐकली की लोक हळहळतात. तो चेहरा एकदा तरी बघायला मिळायला हवा होता, म्हणतात. तुम्हालाही आता तसंच वाटत असेल. घरात पंप आहे ना? मग पुस्तिका असेलच कुठल्यातरी खणात, न फोडलेल्या पिशवीसकट.