डबल बेल

अंगावरून वारं गेलं तेव्हा कचरूआबांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला, "कोनता पाय?"

"डावा."

"म्हंजी क्लचचा," आबा हळहळले.

शेवगावच्या डेपोत एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. त्यांच्या लेखी डावा पाय क्लचचा, उजवा ब्रेकचा. चालण्याबिलण्याची कामं हे दोघं फावल्या वेळात करायचे.

चार महिने झाले, पण क्लच काही उठेना. शेवटी पुण्याहून मुलाचा, सचिनचा फोन आला. "आबा, पुढच्या रविवारी येतोय. घरापासून फाट्यापर्यंत कुणाचा हात न धरता चालून दाखवा. न्हाईतर तुमी आन् आई माझ्यासंगं पुण्याला. वाद नको."

फाटा दोनशे पावलांवर होता. ओसरीत बसून आबा नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायचे आणि गिअर टाकण्यावरून ड्रायव्हरचा स्वभाव सांगायचे. सचिनच्या तिसऱ्या मजल्यावर ऐकायला काय होतं? लिफ्ट. तिला गिअरसुद्धा नाही.

व्यायाम घ्यायला येणारी सृष्टी मॅडम पोरगी मोठी गोड. वॉकर धरून आबांना उभं करायची आणि म्हणायची, "आबा, मनात म्हणा, मी चालणार!"

"म्हनलो. पायाला ऐकू न्हाई गेलं."

एक दिवस आबा असे वॉकर धरून उभे असताना वैजनाथ आला. एकोणीस वर्षं आबांच्या गाडीवर कंडक्टर असलेला, म्हणून आबांचा 'मास्तर'. ओसरीवर बसून त्यानं चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि साखर हवी म्हणून कपावर चमचा दोनदा वाजवला. टण् टण्.

आबांचा डावा पाय उचलला गेला आणि पुढं पडला.

आबांनी आधी पायाकडे पाहिलं, मग वैजनाथकडे.

"मास्तर, काय केलंस?"

"साखर मागितली."

"परत माग!"

टण् टण्. दुसरं पाऊल.

सृष्टी म्हणाली, ठेका मिळाला की मेंदूला कधी कधी नवी वाट सापडते. सचिनच्या आईला, भागिरथीकाकूंना, त्यात नवल वाटलं नाही. "बेलशिवाय गाडी हलवायची न्हाई, ही सवयच हाय त्यांची. लग्नात बी बँडवाल्यानं झांज वाजवली तवा कुठं बोहल्यावर चढले."

दुसऱ्या दिवशी वैजनाथ ट्रंकेतला तिकिटाला भोकं पाडायचा जुना चिमटा घेऊन हजर. आबांच्या मागं राहून तो चिमटा स्टीलच्या फुलपात्रावर वाजवायचा. एक बेल, थांबा. दोन बेल, चला. ओटा झाला शेवगाव, हापसा मिरजगाव आणि फाटा नेवासा.

"नेवाशाच्या वाटेवर मिरजगाव कवापासून आलं?" काकूंनी विचारलं.

"रस्त्याचं काम चालू हाय वहिनी. गाडी वळवलीय."

खरं कारण वेगळं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी मिरजगावला वैजनाथ भजी घ्यायला उतरला, कुण्या उतावळ्या पॅसेंजरनं दोरी दोनदा ओढली आणि आबांनी गाडी सोडली. सात किलोमीटरवर त्यांना कळलं. वैजनाथ मागून उसाच्या ट्रॅक्टरवर बसून आला, तो भज्यांचा पुडा छातीशी धरून. भजी त्यानं सगळ्या गाडीला वाटली, आबांना सोडून.

आबांचा पाय सुधारू लागला, वॉकर जाऊन काठी आली. पण एक गोम होती. बेल कुणी दिली हे आबा पाहत नसत. आबा न्हाणीत असताना काकूंच्या हातून झाकण पडलं, दोनदा आपटलं; ते डोक्याला साबण तसाच ठेवून, टॉवेलवर अंगणात आले. दूधवाल्यानं सायकलची घंटी दोनदा वाजवली. आबा शेजारच्या आक्काबाईंच्या ओसरीतून थेट स्वयंपाकघरात.

"आवं दादा, चुलीवर जाता का काय? थांबा की!"

"आक्काबाई, आदी सिंगल बेल द्या!"

आक्काबाईंनी तव्यावर उलथणं हाणलं तेव्हा गाडी थांबली. सृष्टीनं वहीत लिहिलं: प्रगती समाधानकारक, दिशा असमाधानकारक.

रविवार उजाडला. सचिन आला. आळीतली माणसं ओट्याओट्यांवर येऊन उभी राहिली. आबांनी ड्यूटीचा खाकी शर्ट पेटीतून बाहेर काढला होता; तो पोटावर बसेना, तरी घातला. टण् टण्. गाडी सुटली. हापशापाशी टण्, गाडी थांबली. आबांचा श्वास वर आला होता, कपाळावर घाम होता.

"आबा, बास झालं, बसा," सचिन पुढं होत म्हणाला.

"गाडी मधीच सोडता येत न्हाई बाळा. मास्तर, बेल!"

टण् टण्.

आबा निघाले. लिंबाचं झाड गेलं, पिठाची गिरणी गेली. काठी, डावा, उजवा. काठी, डावा, उजवा. फाट्यावरच्या बाकाला हात लागला तेव्हा ते मान न वळवताच म्हणाले, "मास्तर, नेवासा आलं. बेल दे."

बेल नाही.

आबांनी मागं पाहिलं. सचिन होता, डोळे पुसत. मास्तर नव्हता. तो शंभर पावलं मागं, हापशाच्या कट्ट्यावर निवांत पाय सोडून बसला होता.

"आरं मास्तर! परत राहिलास व्हय रं?"

"राहिलो न्हाई!" वैजनाथ तिकडून ओरडला. "मिरजगावला तू मला सोडलंस. आज म्या तुला सोडलं. फिटलं!"

आबा दम खायला बाकावर बसले. नेवाशाची गाडी आली, एक म्हातारी उतरली. आतून दोरी ओढल्याचा आवाज आला. टण् टण्. गाडी नेवाशाकडे निघाली आणि आबा उठून घराकडे. सचिन बाजूनं चालत होता, पण पुण्याचं नाव त्याच्या तोंडी आलं नाही.

हापसा जवळ आला. वैजनाथनं उठून, चिमटा धरलेला हात वर केला आणि हसत फुलपात्रावर एक बेल दिली. टण्.

आबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी, डावा, उजवा.

"फुल हाय," ते म्हणाले. "मागची गाडी रिकामी हाय, तिनं या."