‘जशी आहेस तशी’ समिती

मुलगी आईबापांची असते, पण तिचं वजन सगळ्या गावाचं असतं. ही आपली फार जुनी आणि थोर व्यवस्था आहे. पोरगी कितवीत आहे हे बापाला आठवणार नाही, पण गेल्या संक्रांतीला तिची हनुवटी कशी होती हे जिन्यात भेटलेली शेजारीण डोळे मिटून सांगेल. एवढं बारीक लक्ष सरकारसुद्धा कोणाकडे देत नाही.

पाथर्डी फाट्यावरच्या आमच्या सुगंधा सोसायटीत ही व्यवस्था अगदी सुरळीत चालू होती. (मी सेक्रेटरी. मानधन नाही, अपमान मुबलक.) तिसऱ्या मजल्यावरच्या संजनाताई शाळेत शिकवतात, त्यांची तेजल नववीत आहे. पोरगी ढोल वाजवते, आणि असा वाजवते की पार्किंगमधल्या गाड्या आपोआप कोकलायला लागतात. तर गच्चीवरच्या एका वाढदिवसाला साळूमावशी तिला म्हणाल्या, "अगं बाई, किती सुटलीस!" आणि लगेच मनीषावहिनी म्हणाल्या, "छे हो, खराब झालीय पोरगी. खायला घाला काहीतरी." दोघींनी तिला एकाच वेळी, एकाच ट्यूबलाइटखाली पाहिलं होतं.

त्या दिवसापासून तेजलनं ढोल माळ्यावर टाकला. पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची, आणि चारचौघांत जेवणं तर बंदच झालं.

संजनाताई सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "माझ्या पोरीच्या अंगाबद्दल कोणी काही बोलू नका, एवढंच. तिनं पुन्हा ढोल उचलावा, मला दुसरं काही नको."

मागणी इतकी सोपी होती की तशीच मान्य करणं सोसायटीला शोभलं नसतं. लगोलग कन्या आत्मसन्मान समिती नेमली. अध्यक्ष पुंजारामनाना. उभा जन्म लासलगावच्या कांदा मार्केटात गेलेला, ट्रॅक्टरकडे नुसतं बघून आत बारीक गोल्टी किती आणि मोठा माल किती ते सांगणारा माणूस. "पोरींचा आपल्याला अनुभव नाय," नाना म्हणाले, "पण नजर लय पक्की हाय." निवड एकमतानं झाली.

ठराव पहिला : कोणत्याही मुलीच्या अंगाबद्दल बोलण्यास मनाई. परिणाम भयंकर झाले. साळूमावशी वाटीभर ठेचा घेऊन संजनाताईंच्या दारात आल्या, तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि ठेच्यासकट परत गेल्या. समितीच्या पाहणीत असं आढळलं, की आमचं तीन चतुर्थांश बोलणं दुसऱ्याच्या अंगावरच उभं आहे. उरलेल्यात पाणी, पार्किंग आणि कांद्याचा भाव. लिफ्टमध्ये माणसं भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागली. दोघांना ॲसिडिटी झाली. (एकाची जुनीच होती, पण आकड्यात धरली.)

म्हणून दुरुस्ती आली : नावं ठेवणं बंद, कौतुक सक्तीचं. दिसेल त्या मुलीला "तू जशी आहेस तशी छान आहेस" असं म्हणायचंच. यावर नानांनी तांत्रिक शंका काढली. "जशी हाय तशी म्हणता, पण कशी हाय ते बघितल्याबिगर म्हणायचं कसं? माल न बघता बोली लावत नसतात."

तेव्हा मेळावा ठरला. मुलींनी एकेक करून पार्किंगमधल्या स्टेजवर यायचं, समोरून, बाजूनं आणि मागून उभं राहायचं, मग समितीनं त्यांचा स्वीकार जाहीर करायचा. प्रायोजक म्हणून वजन घटवणारा चहा विकणारे एक गृहस्थ मिळाले. प्रत्येक मुलीला भेट म्हणून वजनकाटा. (जशी आहे तशी म्हणजे नेमकी किती, हे कळायला नको का?) फ्लेक्सवर सगळ्या मुलींचे फोटो. छपाईवाल्या सुयशनं त्यात किरकोळ सुधारणा केल्या : सगळ्यांना एकच कंबर दिली आणि सगळ्यांना उजळ केलं. खाली ठळक अक्षरात ‘मी आहे तशीच सुंदर’.

संजनाताईंना त्या फ्लेक्सवर स्वतःची मुलगी सापडेना. त्या माझ्यापाशी आल्या तेव्हा डोळे लाल होते. "भाऊ, मी फक्त गप्प बसा म्हटलं होतं हो!" मी त्यांना शांतपणे समजावलं, की गप्प बसण्यासाठी बजेटमध्ये तरतूद नसते.

रविवारी मिसळीनंतर मेळावा सुरू झाला. "कुमारी तेजल!" असा पुकारा झाला. ती येणार नाही अशी आम्हाला खात्री होती, पण ती आली. कमरेला ढोल बांधून आली.

"बाळा, तो ढोल ठेव बाजूला," नाना म्हणाले. "मधी काहीच दिसंना."

तेजलनं टिपरू उचललं आणि पहिली थाप दिली.

नानांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. चहावाले गृहस्थ कानात बोटं घालून निघून गेले. झाडून साऱ्या गाड्या कोकलत होत्या. साळूमावशी माझ्या कानाशी येऊन पोरीबद्दल काहीतरी ओरडल्या, मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मनीषावहिनींचंही तेच. जिन्याच्या पायरीवर बसून संजनाताई रडत होत्या आणि हसतही होत्या. मांडव रिकामा झाला तरी पोरगी थांबली नाही. सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदाच एका मुलीच्या अंगाबद्दल कोणाला काही बोलता आलं नाही, आणि संजनाताईंची मूळ मागणी अशा रीतीनं मंजूर झाली.

हल्ली ढोल रोज वाजतो. तेजल चारचौघांत बसून जेवते, वर चिवडाही मागून घेते. नानांनी कानाचं कारण देऊन राजीनामा दिला आहे.

आता तुमच्याकडे येतो. तेजल जाड की बारीक, हे मी या अहवालात कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही मात्र साळूमावशी खऱ्या की मनीषावहिनी खऱ्या, हे मघाच मनाशी ठरवून टाकलंत. तेही पोरीला न बघता! अहो, नानांनासुद्धा माल समोर लागायचा. अध्यक्षांची खुर्ची रिकामीच आहे, उद्यापासून रुजू व्हा.