भुंकणाऱ्या मांजराची नोंद

जांभूळमाळ ग्रामपंचायतीच्या फलकावर सोमवारी सकाळी एक नोटीस लागली. गावातील सर्व श्वानधारकांनी आठ दिवसांच्या आत आपापल्या श्वानाची रीतसर नोंदणी करून घ्यावी, अन्यथा सदर श्वान बेवारस समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल, असा तिचा मजकूर होता. 'श्वानधारक' म्हणजे नेमकं कोण, हे समजायला गावाला दुपार झाली. जांभूळमाळात कुत्री पुष्कळ होती, पण ती कुणी धारण केलेली नव्हती. त्यांनी आपापली दारं निवडली होती आणि ती तिथं राहत होती.

मल्हारीला मात्र नोटीस वाचताक्षणी समजलं, की ही आपल्यासाठीच आहे. मल्हारी रेल्वेतून निवृत्त झालेला. दौंडच्या पुढं एका फाटकावर त्यानं एकतीस वर्षं गेटमनकी केली होती. आवाज झाला की उठायचं, बाहेर जाऊन बघायचं आणि काही वावगं दिसलं तर लाल झेंडी दाखवायची, एवढंच त्याला आयुष्यात शिकवलं गेलं होतं आणि ते त्यानं मनावर घेतलं होतं. निवृत्तीनंतर त्यानं एक तांबूस गावठी कुत्रा पाळला. त्याचं नाव ठेवलं गार्ड.

भानगड आदल्या शुक्रवारची होती. दुपारी तीनच्या सुमारास एक टेम्पो गल्लीत शिरला, दोन माणसं उतरली, शिडी लावली आणि सौरदिव्याच्या खांबावरची बॅटरी सोडवायला लागली. गार्ड भुंकला. मल्हारी उठला.

"काय चाललंय?"

"मेंटेनन्स."

"कागद दावा."

"कागद ऑफिसात हाय."

"मंग बॅटरी बी ऑफिसातनंच काढा."

गार्ड काही थांबेना. दारं उघडली, माणसं बाहेर आली. वीस माणसं बाहेर आल्यावर कुणाला तरी काही तरी बोलणं भाग पडलं आणि एकानं तोंड उघडल्यावर बाकीच्यांनाही ते टाळता येईना. टेम्पो घाईघाईनं निघून गेला. शिडी मात्र राहिली. शिडीवर ठळक अक्षरात आयुषचं नाव रंगवलेलं होतं. आयुष म्हणजे गावाचा दिवाबत्तीचा ठेकेदार आणि सरपंच आप्पांचा सख्खा भाचा. ते नाव सगळ्यांनी वाचलं. गावातलं साक्षरतेचं वाढतं प्रमाण त्या दिवशी प्रथमच अडचणीचं ठरलं.

म्हणून सोमवारी नोटीस.

नोंदणीचा अर्ज अकरा पानांचा होता. ग्रामसेवक सुमित भाऊसाहेब तीन गावं सांभाळून आठवड्यातले दोन दिवस जांभूळमाळात येत. माणूस सज्जन. कुणाचंही वाईट त्यांनी कधी स्वतःहून केलं नव्हतं; जे केलं ते आदेशानुसार.

"मामा, बसा. श्वानाचं पूर्ण नाव?"

"गार्ड."

"जन्मदाखला?"

"उसाच्या फडात जन्मला. दाई न्हवती."

"भुंकण्याचं प्रयोजन?"

"आं?"

"म्हणजे तो का भुंकतो?"

मल्हारीनं विचार केला. "माणसं उठत न्हाईत म्हणून."

भाऊसाहेबांनी 'सुरक्षाविषयक' असं लिहिलं आणि परिशिष्ट 'क' पुढं केलं. त्यात ज्यांच्यावर भुंकता येणार नाही अशा व्यक्तींची यादी छायाचित्रांसह होती. सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य, ठेकेदार, त्यांचे तीन पिढ्यांपर्यंतचे नातेवाईक आणि या सर्वांची वाहनं, क्रमांकासह. खाली प्रतिज्ञापत्र होतं : 'वरील यादी श्वानास वाचून दाखविली असून ती त्यास समजली आहे.' त्याखाली मालकाची सही.

"यादी सोडून गावात उरलं कोण?" मल्हारीनं विचारलं.

"तुम्ही," भाऊसाहेब म्हणाले. "आणि पोस्टमन."

याशिवाय चतुःसीमेच्या चारही शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला लागणार होता. मल्हारी पूर्वेच्या चांगदेवाकडं गेला. चांगदेवाच्या दारात जिथं काळा कुत्रा बसायचा, तिथं एक मांजर पाय चाटत बसलं होतं.

"काळ्या कुठं गेला रं?"

"नदीपल्याड, पाबळला, सासुरवाडीला धाडला. मामा, कुत्र्याला अकरा पानं हायेत. मांजराला एक बी न्हाई. नोटिशीत मांजर शब्दच न्हाई. मग म्हणलं, शहाण्यानं मांजर पाळावं."

"आन् राखण?"

"कशाची राखण? आपलं दार तर बंदच असतंय."

पश्चिमेला करुणाबाई राहत. त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि खोटं बोलत नसत. त्यांनी मल्हारीला चहा दिला आणि दाखला नाकारला.

"मल्हारीमामा, रागावू नका. तुमचा गार्ड भुंकला की मी खिडकीशी जाते. खिडकीशी गेलं की दिसतं. दिसलं की मुलांना नागरिकशास्त्र शिकवताना अडखळायला होतं. मला बदलीची नोटीस परवडायची नाही." त्यांच्या मांडीवर पांढरं मांजर होतं. "हिचं बरं आहे. ही सगळं बघते आणि डोळे मिटून घेते."

पाच-सहा दिवसांत जांभूळमाळातली कुत्री यवत, वरवंड, जिथं कुठं पाहुणे होते तिथं रवाना झाली आणि घरोघर मांजरं आली. मग कारणंही आली. मांजर स्वच्छ असतं. मांजर स्वाभिमानी असतं. मांजराला फिरवायला न्यावं लागत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी कुत्रंही फिरवलं नव्हतं, ते हे जास्त जोरात सांगत. गावात एकच बाई अशी होती जिच्याकडं आधीपासून मांजरं होती : गावाबाहेर पिठाची गिरणी चालवणारी मुमताज. ती दळण घेता घेता एकेकाला सरळ विचारायची, "माझी मांजरं उंदरापायी हायेत. तुमची कशापायी?" लोक पिठाचा डबा उचलून निघून जात.

मल्हारीनं एक प्रयत्न करून पाहिला. त्याची लेक सृष्टी शिरूरला दिलेली. तिच्या सोसायटीत चार दिवस गार्डला ठेवावं म्हणून तो नदीचा पूल ओलांडून गेला. दुसऱ्याच दिवशी सोसायटीत पाण्याचा टँकर आला, अर्धा रिकामा झाला आणि अर्धा भरलेलाच परत निघाला. गार्ड त्याच्यामागं फाटकापर्यंत भुंकत गेला. संध्याकाळी चेअरमन सृष्टीच्या दारात उभे. "वहिनी, आपल्या सोसायटीत पेट्सना पूर्ण परवानगी आहे," ते म्हणाले, "फक्त ते मांजर असावं." सृष्टीनं बापाकडं पाहिलं. मल्हारी म्हणाला, "राहू दे बाय. तुला इथं ऱ्हायचंय." आणि तो गार्डला घेऊन परतला.

मुदतीचा शेवटचा दिवस. भाऊसाहेबांनी अर्ज मिटला, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मामा, मला कुत्रा उचलायला लावू नका. एक मार्ग आहे. मांजर म्हणून नोंद करू."

"कुणाची?"

"गार्डची. मांजरांसाठी आता ऐच्छिक नोंदवही निघालीय. एक ओळ लिहायची. शेपूट आहे, चार पाय आहेत, मिशा आहेत. रंग तांबूस. कुठं काय खोटं आहे?"

मल्हारी घरी आला. बायको अंजना म्हणाली, "अवो, कागदावरच हाय ना? त्याला कुठं वाचता येतंय!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. गार्डला उचलून नेतील या भीतीनं ती तीन दिवस धड जेवली नव्हती. मल्हारीनं सही केली. एकतीस वर्षांत त्यानं फाटकाच्या वहीत एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं गार्डला भाकरी टाकली, पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं नाही.

पुढचे काही दिवस मात्र मजेत गेले. गार्ड आयुषच्या टेम्पोवर भुंकला. आयुषनं लेखी तक्रार दिली. भाऊसाहेबांनी लेखी उत्तर दिलं : 'सदर घरात अभिलेखानुसार कुत्रा नाही. मांजराच्या भुंकण्याबाबत नियमात तरतूद आढळून येत नाही.' अंजनानं शेवयांची खीर केली. मल्हारीला वाटलं, व्यवस्थेला आपण चकवलं. असं ज्याला वाटतं, त्याच्यावर व्यवस्था सहसा रागावत नाही. तिला घाई नसते.

मग 'मार्जारस्नेही ग्राम' स्पर्धेची तपासणी लागली. तालुक्याहून राजश्री मॅडम आल्या. कुत्र्याऐवजी मांजर का, याचं सर्वेक्षण त्यांना करायचं होतं. घरोघर त्यांना तीच तीन कारणं मिळाली : स्वच्छता, स्वाभिमान, फिरवणं नाही. मल्हारीच्या दारात त्या थबकल्या. गार्ड शेपूट हलवत उभा राहिला. मॅडमनी नोंदवही पाहिली, गार्डकडं पाहिलं, पुन्हा नोंदवही पाहिली. दोन्हींत फरक पडला तर नोंदवहीवर विश्वास ठेवायचा, असं त्यांचं प्रशिक्षण होतं.

"वजन?"

"सव्वीस किलो," मल्हारी म्हणाला.

"सुदृढ आहे." त्यांनी लिहिलं. तेवढ्यात गार्ड त्यांच्या जीपवर भुंकला. मॅडमनी पेन थांबवलं आणि शेऱ्याच्या रकान्यात भर घातली : 'आवाज किंचित घोगरा.'

जांभूळमाळाला पहिला क्रमांक मिळाला.

बक्षिसाच्या दिवशी सकाळी दहा वाजता आयुष टेम्पो घेऊन गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर आला. चार माणसांनी मोटार उचलायला घेतली. गार्ड जिवाच्या आकांतानं भुंकू लागला. मल्हारी अनवाणी धावला. गल्लीत दारं उघडली. जुनी सवय एकदम जात नाही. माणसं उंबऱ्यापर्यंत आली. चांगदेवानं पलीकडं विचारलं, "काय भुंकतंय वो?"

करुणाबाईंनी पांढरं मांजर उचलून घेतलं. मग म्हणाल्या, "मल्हारीमामांकडं कुत्रा नाही. नोंद मांजराची आहे."

"व्हय की. मंग हे भुंकणं न्हाई."

सगळ्यांना हायसं वाटलं. दारं लागली. खिडक्यांत मांजरं तेवढी बसून राहिली.

विहिरीवर मल्हारीनं मोटारीचा दोर धरून ठेवला. "कागद दावा!" तो ओरडला. या खेपेला आयुषनं खिशातून कागद काढला. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता : 'मोटार दुरुस्तीसाठी नेण्यात येत आहे.'

"ह्यो कागद खोटा हाय! मोटार चांगली चालतीय!"

आयुष शांतपणे म्हणाला, "मामा, कागदावर तुमच्या घरी मांजर हाय ना?"

मल्हारीच्या हातातून दोर सुटला. गार्ड टेम्पोमागं पार डांबरी रस्त्यापर्यंत धावत गेला. मल्हारी विहिरीच्या कठड्यावर बसला. एवढ्या वर्षांत आपल्या फाटकावर एकही अपघात झाला नव्हता, हे त्याला उगाचच आठवलं आणि तो रडला.

मोटार परत आली नाही. बायका गिरणीपाशी असलेल्या हातपंपावर हंडे घेऊन रांग लावू लागल्या. ग्रामसभा झाली. "मोटार जाताना कुणी पाहिली काय?" सरपंच आप्पांनी विचारलं. सभेत इतकी शांतता होती की कुणाच्या तरी मांडीवरच्या मांजराची गुरगुर ऐकू येत होती.

मल्हारी उठला. "मी पाहिली. आन् भाऊसायब, माझी नोंद चुकलीय. माझ्याकडं मांजर न्हाई, कुत्रा हाय. पेनानं काट मारा. माझ्यासमोर मारा."

भाऊसाहेबांनी आप्पांकडं पाहिलं. मग काट मारली आणि त्याच पेनानं शासनाची दिशाभूल केल्याची नोटीस लिहून मल्हारीच्या हातात दिली. गार्ड त्या क्षणापासून बेवारस झाला. तेव्हा मागं बायकांत उभी असलेली मुमताज बोलली, "मल्हारीभाऊ, आना त्याला गिरनीवर. माझ्या चतुःसीमेला रस्ता हाय, ओढा हाय आन् दोन बाजूंला गायरान. दाखला द्यायला मानूसच न्हाई."

नियमात ते बसलं. गार्डची कुत्रा म्हणून गिरणीवर नोंद झाली. तालुक्यातल्या एकमेव बिनशेजाऱ्याच्या जागेत तो आता कायदेशीरपणे भुंकतो. आवाज गावापर्यंत पोचत नाही, त्यामुळे कुणाची हरकत नाही. मल्हारी रोज सकाळी भाकरी घेऊन तिथं जातो. मुमताजची मांजरं गार्डच्या अंगावर चढून झोपतात. आवाज झालाच, तर मल्हारी उठून बाहेर बघून येतो.

मोटार गेल्याची बातमी पेपरात आली होती. पाचव्या पानावर, खाली डावीकडं, चार ओळींची. चहा पिता पिता तुम्हीही ती वाचली होती आणि 'काय चाललंय हे!' असं म्हणालाही होतात. मग मांडीवरचं मांजर हलकेच सरकवून तुम्ही पान उलटलंत.