कुरवंड्याची प्रतिक्रिया

आमच्या कुरवंड्यात नथूआबांना रामराम घातला, की उलट रामराम येत नाही. प्रश्न येतो. "क्यालेडोनियावर तुमची प्रतिक्रिया काय?"

न्यू कॅलेडोनिया ही पॅसिफिक महासागरातली, फ्रान्सच्या ताब्यातली वसाहत. तिथल्या काहींना स्वातंत्र्य हवंय, काहींना फ्रान्स हवाय, आणि त्यावर वाटाघाटी चालू आहेत. हे मला ठाऊक आहे, कारण मी इथल्या शाळेत शिक्षक आहे. बाकी गावाला ठाऊक आहे, कारण गावात नथूआबा आहेत.

आबा रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झाले आणि पेपर वाचू लागले. त्यात एकदा चार ओळींची ही बातमी सापडली. तेव्हापासून संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर हजर असतो.

"गुर्जी, मोबाइल काढा. फ्रान्सचे पेपर काय म्हंत्यात? आन बेटावरचे?"

फ्रान्सचे पेपर म्हणत, ऐतिहासिक. बेटावरचं कुणी म्हणे, विश्वासघात. आबा दोन्ही बाजू वहीत उतरवून घेत आणि मग गावाची बाजू गोळा करायला निघत.

गावाची बाजू संमिश्र होती. दूधवाल्यानं विचारलं, "नवं रिसॉर्ट हाय का? कुनाच्या जाग्यात?" सरपंचबाईंनी यात ग्रामपंचायतीचा संबंध नसल्याचा खुलासा केला. हिरामावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ज्याचं त्याला दिऊन टाका, आन जेवाया बसा." आबांनी पुढं लिहिलं, 'स्वातंत्र्याच्या बाजूनं.'

एकदा लोणावळ्यात एका वार्ताहरानं त्यांना रविवारच्या ट्रॅफिकबद्दल विचारलं. आबांनी उत्तर क्यालेडोनियावर दिलं. वार्ताहरानं पेन खिशात घातलं तरी आबा बोलतच होते. दुसऱ्या दिवशी पेपरात काहीच आलं नाही.

"दाबलं," आबा म्हणाले.

फक्त एकदा त्यांना भडकलेलं पाहिलं. मी वाचलं होतं, 'चर्चा निष्फळ.'

"निष्फळ कशी? समोरासमोर बसली, बोलली ना? ह्ये ज्यानं ल्हिलंय, त्याला न बोलनं म्हंजी काय त्ये ठाव न्हाई."

मी ते हसण्यावारी नेलं.

पुढं करारावर सह्या झाल्या. आबांनी शाळेत पेढे वाटले. मग काही दिवसांनी बातमी आली, की स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या मोठ्या गटानं करार फेटाळला. मी ती भीतभीतच वाचली. आबा वही चाळून म्हणाले, "गुर्जी, गावातलं एक घर ऱ्हायलंय. तुमी बी चला."

ते घर शेजारचंच, भिंतीला भिंत लागून. धाकट्या भावाचं, सोपानरावांचं. अंगणातच थांबून आबांनी मला सांगितलं. आपल्या लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापून आणली होती, प्रूफ त्यांनीच तपासलं होतं. निमंत्रकांत सगळी भावकी आली, सख्ख्या भावाचं नाव तेवढं राहिलं.

"मुद्दाम न्हाई केलं, गुर्जी. त्यो लग्नाला आला न्हाई. मी बी कंदी बोलाया गेलो न्हाई. आता लेकीची पोरगी धाव्वीला हाय."

सोपानराव ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. आबांनी वही उघडली.

"क्यालेडोनियावर... तुमची प्रतिक्रिया काय?"

धाकट्या भावाला 'तुमची' म्हणायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

सोपानरावांनी मान वर केली नाही. "समद्या गावाला इचारलं. माजा नंबर शेवटाला व्हय?"

"व्हय. चुकलंच."

एक शेंग सोलून झाली. दुसरी झाली.

"रोज ऐकतोय मी," सोपानराव म्हणाले. "गुर्जी वाचत्यात, भिताडातनं समदं हिकडं येतं. मोडला न्हवं करार? मोडू दे. परत बसत्याल. जात्यात कुटं? दोगांना बेट येकच हाय."

आबांनी पेन्सिल कागदावर टेकवली, पण लिहिणं काही होईना. सोपानरावांनी शेंगांचं सूप मधोमध सरकवलं.

"बस. सोलू लाग."

आबा बसले. मी जायला वळलो, तेव्हा पाठीमागून सोपानरावांचा आवाज आला.

"नात धाव्वीला ना औंदा? गनित कसं हाय तिचं?"

"लय कच्चं."

"हां," सोपानराव म्हणाले. "आपल्यावर गेलीया."