परवानगीशिवाय खणू नये

क्लिफर्ड थर्टलचा या जगात एकाच गोष्टीवर खरा राग होता. बिअरचा डबा उघडताना वर ओढतात, त्या कडीवर. अकरा वर्षं तो इंग्लंडातल्या नॉरफोकच्या नांगरलेल्या शेतांतून धातू हुडकायचा डिटेक्टर फिरवत होता. एवढ्या काळात जुनी नाणी निघाली सव्वीस. कड्या मोजायचं त्यानं डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सोडून दिलं होतं.

म्हणून आता नवं यंत्र घ्यायचं, आणि तेही कडीला ओळखसुद्धा न दाखवणारं. दुकानदारानं आठवडाभर वापरून बघायला दोन दिली होती, एक पिवळं, एक काळं. त्यातलं एक सोमवारी परत द्यायचं होतं.

"चार महिने घोळ घालतोयस," बायको ऑड्री म्हणाली. "माझ्याशी लग्न करायचं तीन आठवड्यांत ठरवलं होतंस."

"तेव्हा समोर एकच होतं," क्लिफर्ड गुरगुरला.

शनिवारी त्यानं डिटेक्टरवाल्यांच्या क्लबाच्या रीतीप्रमाणे परीक्षा मांडली. ओळखीच्या वस्तू घरामागच्या हिरवळीत वीतभर खोल पुरायच्या आणि कुठलं यंत्र काय सांगतं ते ऐकायचं. एक रोमन तांब्याचं नाणं, एक चांदीची पेनी, बंदुकीची गोळी आणि शिशाचं एक सील त्यानं पुरलं. आता सोनं हवं होतं. अकरा वर्षांत जमिनीनं त्याला सोन्याचा कण दिला नव्हता; त्याच्या मते तोही कड्यांचाच कट होता. पण स्वयंपाकघराच्या खिडकीत बशीत ऑड्रीच्या आईची अंगठी होती. ऑड्री ती फक्त चहाबरोबरच्या स्कोन-पावांचं पीठ मळताना काढायची. पीठ अजून मळून व्हायचं होतं. अर्ध्या तासाचं तर काम! अंगठीही मातीत गेली.

मग त्यानं खुणेच्या काड्या उपटून टाकल्या. खूण दिसली की हात पक्षपात करतो, असं त्याचं मत होतं.

पिवळं यंत्र पहिल्याच पावलाला किंचाळलं. दुसऱ्याला किंचाळलं. तिसऱ्याला तर थांबेचना. तेव्हा क्लिफर्डला आठवलं की सहा वर्षांपूर्वी ही हिरवळ घालताना, पुन्हा तोंड बघायला नको म्हणून, आपणच तिच्याखाली दोन बादल्या कड्या ओतल्या आहेत.

"मेल्यावरही छळा!" असं म्हणत त्यानं कड्यांपुरतं बहिरं व्हायचं बटण दाबलं. शांतता पसरली. नाणं सापडलं, पेनी सापडली, गोळी आणि सीलही. अंगठी नाही. काळ्या यंत्राचंही बटण दाबलं. त्यालाही सगळं सापडलं, अंगठी सोडून.

"दोन्ही भामटे!" क्लिफर्ड ओरडला. "सोनं कळत नाही, म्हणे डिटेक्टर!"

"कोण भामटं?" ऑड्री दारात उभी होती. हाताला पीठ. "आणि बशीतली अंगठी कुठाय?"

त्या क्षणी क्लिफर्डचे कान गरम झाले. पातळ सोनं आणि डब्याची कडी यंत्राला एकसारखीच ऐकू येतात. दर सप्टेंबरात क्लबातल्या नवशिक्यांना हे तोच बजावून सांगायचा.

"प्रयोग चाललाय."

"अंगठी, क्लिफर्ड."

"हिरवळीत आहे."

"हिरवळीत कुठे?"

"तोच तर प्रयोग!"

तो फावडं घेऊन आला, तर ती वाटेत उभी. "परवानगी?"

"कसली?"

"घर माझ्या वडिलांचं, माझ्या नावावर. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय खणू नये, आणि सापडेल त्यात अर्धा वाटा मालकाचा. अकरा वर्षं तुमच्या क्लबात चहा ओततेय, पाठ झालंय मला."

दात खात क्लिफर्डनं गाडीतून छापील अर्ज आणला. तिनं सावकाश वाचून सही केली. मग त्यानं यंत्राचं बहिरेपणाचं बटण बंद केलं आणि कुंपणापासून शिस्तीनं खणायला घेतलं. आवाज आला, कडी. आवाज आला, कडी. चाळिसाव्या कडीला त्यानं फावडं फेकलं.

"कुठल्या नालायकानं पुरल्यात इतक्या!"

"तूच," ऑड्री म्हणाली. तिनं हात पुसले, पिवळं यंत्र उचललं, कानावर हेडफोन चढवले आणि सरळ कपड्यांच्या दोरीखाली गेली. "रोमन सैन्य कुठे बसलं होतं ते तुला दोन हजार वर्षांनी कळतं. ओल्या गवतात स्वतःचे गुडघे कुठे टेकलेस, ते नाही कळत?"

गवत दाबलेलं होतं. यंत्र हलकेच बोललं. ऑड्रीनं गवताचा गोल सुबक उचलला, अंगठी काढली, पुसली, बोटात घातली.

"हुश्श," क्लिफर्डनं श्वास सोडला.

"अर्धी मालकाची, अर्धी शोधणाऱ्याची," ऑड्री म्हणाली. "मालक मी. शोधणारी मी. तू कोण?"

हेडफोन मात्र तिनं काढले नाहीत.

सोमवारी काळं यंत्र परत गेलं. त्यानंतरच्या रविवारी क्लबाच्या तंबूत चहा ओतत होता क्लिफर्ड. तेवढ्यात लांबवर वाटाण्याच्या शेतातून ऑड्रीनं दोन्ही हात उंचावले, तसा तो किटली टाकून धावत सुटला.

"काय? सोनं?"

"कडी!" ऑड्री आनंदानं ओरडली. "बघ ना, कसली चकचकीत आहे!"

संध्याकाळी घरी येऊन तिनं ती घासूनपुसून त्याच्या काचेच्या पेटीत ठेवली. रोमन नाणं जरा बाजूला सरकवून.