वैभवच्या पगाराची चौकशी

माझ्या मुलाचं, वैभवचं लग्न मी बसल्या जागी जमवणार होतो. त्यात अवघड काय? पोरगा हैदराबादच्या अशा कॉलेजात शिकलेला, की नाव घेताच ऐकणारा खुर्चीत सरळ बसतो! एवढं मोठं कॉलेज म्हणजे पगारही तेवढाच मोठा, हे आमच्या बेला गावात शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त वैभवच्या कंपनीला.

मुलगी जैनथची, मीनल. आदिलाबादच्या साध्या डिग्री कॉलेजात शिकलेली, 'घरूनच कॉम्प्युटरवर थोडंफार कमावते' अशी. वैभवने तिला पाहिल्यापासून जेवण अर्ध्यावर आणलं होतं. आता तिचे वडील बाबाराव आणि आत्या मथुराबाई गावात पोराची चौकशी करायला येणार होते. सोयरीक जमणार की मोडणार, ते त्यावर ठरणार!

मी बसस्टँडवरच्या चहावाल्या पंढरीला एवढंच म्हणालो, "कोनी विचारलं तं पगार जरा बरा सांग."

पंढरीने दुप्पट सांगितला. सुरेंद्र न्हाव्याला पंढरीपेक्षा कमी सांगणं अपमानाचं वाटलं. देवळापाशी भागाबाईने तर कंपनीचा बंगला, दोन गाड्या आणि ड्रायव्हर देऊन टाकला! गाव एवढं मदतीला धावेल असं वाटलं नव्हतं. माझ्या बियाण्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा कोणी फिरकलं नव्हतं.

पाहुणे घरी आले ते मयतीहून आल्यासारखे. बाबाराव चहाला हात लावेनात.

"माणिकराव, खरं सांगा," ते कुजबुजले, "पोट्टा करते काय?"

"कंपनीत हाये. मोठ्या कॉलेजचा..."

"थे आयकलं. एवढा पैसा नोकरीत नाई भेटत. पोलिसायची काई भानगड?"

दारामागच्या बांगड्या थांबल्या. आमच्या सौभाग्यवती, बयनाबाई! "अवो, काऊन गप बसून राह्यले? बोला ना!"

मी चहाचा कप बाबारावांकडे आणखी सरकवला. मथुराबाईंनी पिशवी उचलली. "चाल बाबाराव. रोज जेलात डबा नेऊन देनं आपल्या पोट्टीले जमनार नाई."

तेवढ्यात वैभव बाहेर आला, घामाने निथळत. "काका, थे सगळं खोटं हाये," म्हणाला आणि खरा पगार सांगून मोकळा झाला. वर, त्यातला अर्धा कॉलेजच्या कर्जाच्या हप्त्यात जातो, हेही!

मथुराबाई पिशवीसकट खाली बसल्या. बाबारावांनी फोन काढला, मुलीला लावला आणि स्पीकर चालू केला.

"मीनल, पोट्टा साधाच हाये व माय."

"पगार किती?"

वैभवनेच पुन्हा सांगितला. पोरगा विहिरीच्या काठावर उभा असल्यासारखा फोनकडे बघत होता.

"बरं," मीनल म्हणाली. "घर माह्या पगारात चालंन. तुमी हप्ते फेडा."

वैभवने पहिल्यांदा श्वास सोडला. मी विचारलं, "बाई, तुहा पगार किती हाये?"

तिने सांगितला. वैभवच्या अडीचपट! मी मटकन खाली बसलो. बसलेलोच होतो, तरी बसलो.

बाबाराव ओशाळले. "गावात आमीच सांगून ठेवलं होतं, 'थोडंफार' म्हना म्हनून. जास्त कमावनारी पोट्टी कोन करते?"

जैनथ आमच्यापेक्षा शिस्तीचं गाव. सांगितलं तेवढंच बोललं.

"चला, पक्कं समजा," मथुराबाईंनी अखेर चहाचा कप उचलला. "आता देन्याघेन्याचं बोलून घेऊ." कप ओठांपाशी थांबला. "पन कोनं कोनाले द्याचं?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चहात साखर कमी पडली का, असं मी बयनाबाईला विचारलं.